बरगडी गेली, मान आखडली

पहिली बरगडी काढून टाकली तरी माणसाचं फारसं अडत नाही. श्वास चालतो, खांदा जागेवर राहतो, बाहेरून पाहणाऱ्याला काही कळतही नाही. थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमचं ऑपरेशन झालेल्या पेशंटला पुढे जी अडचण जाणवते, ती त्या बरगडीला बांधलेले स्नायू गेल्याची असते. उशीवरून डोकं उचलताना, रस्ता ओलांडण्यापूर्वी मागे वळून बघताना, शिंक येते तेव्हा. हाताच्या मुंग्या कमी झाल्या म्हणून जरा हायसं वाटावं, तोवर मान अशी धरते की ऑपरेशन फसलं की काय, अशी शंका येऊ लागते.

बहुतेक वेळा ते फसलेलं नसतं. पण मान का धरली हे कळायचं तर आत काय काढलं आणि काय ठेवलं, ते आधी बघायला हवं.

मानेच्या प्रत्येक बाजूला स्केलीन नावाचे तीन स्नायू असतात. ते मानेच्या मणक्यांपासून निघतात. पुढचा आणि मधला पहिल्या बरगडीवर येऊन टेकतात, मागचा दुसऱ्या बरगडीवर. पुढच्या आणि मधल्या स्नायूंमध्ये जी निमुळती फट राहते, तिच्यातून हाताकडे जाणारं मज्जातंतूंचं जाळं, म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस, आणि हाताची मुख्य रोहिणी बाहेर पडते. नीला मात्र पुढच्या स्नायूच्याही पुढून, कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्यामधून जाते. या चिंचोळ्या जागेत काही दबलं की हा आजार होतो. शंभरातल्या नव्वदहून अधिक पेशंटांमध्ये दबतात त्या नसा. नीला दबून तिच्यात गुठळी होणं थोड्यांच्याच वाट्याला येतं, आणि रोहिणी दबणं त्याहूनही विरळ. अशा पेशंटांच्या मानेत बहुधा जन्मतःच एक जादा बरगडी असते.

व्यायाम, औषधं, बसण्या-उठण्याच्या सवयी सुधारून भागलं नाही तर ऑपरेशन. नसा दबल्या असतील तर अनेक सर्जन कॉलरबोनच्या किंचित वर छेद घेतात, पुढचा आणि मधला स्केलीन काढतात, नसांभोवतीचे चिकटलेले पदर मोकळे करतात आणि पहिली बरगडी काढतात. काही सर्जन हेच काम काखेतून करतात. मग व्रण काखेत राहतो आणि त्रासही थोडा निराळा असतो. मानेपेक्षा खांदा वर उचलताना ओढ बसते आणि दंडाची आतली बाजू बधिर राहते. या प्रकरणात मुख्यतः कॉलरबोनच्या वरच्या छेदाबद्दल बोलायचं आहे, कारण मान आखडण्याची तक्रार तिथे जास्त असते.

या ऑपरेशनच्या इतिहासात व्रणाचाही मोठा हात आहे. १८६१ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात होम्स कूट यांनी मानेतली जादा बरगडी काढली, तिथून ही गोष्ट सुरू होते. १९२७ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे अ‍ॅडसन आणि कॉफी यांनी सोपा मार्ग सांगितला: बरगडीला हात लावू नका, पुढचा स्केलीन फक्त कापून सोडून द्या. ऑपरेशन छोटं होतं, म्हणून ते लोकप्रियही झालं. पण काही महिन्यांनी अनेकांचा त्रास परत येई. कापलेला स्नायू मागे सरकून गप्प बसत नसे. जखम भरताना तयार झालेल्या व्रणाच्या पदराने तो पुन्हा बरगडीला, नाहीतर शेजारच्या नसांना, चिकटून बसे. म्हणून पुढच्या पिढीने स्नायू नुसता न कापता काढूनच टाकायला सुरुवात केली, आणि १९६६ मध्ये डेन्व्हरच्या डेव्हिड रूस यांनी काखेतून पहिली बरगडी काढण्याची पद्धत मांडली. व्रणाला चिकटायला जागाच ठेवायची नाही, हा विचार त्यामागे आहेच. तरी व्रण होतो. तो झाला नाही तर जखमच भरणार नाही.

आता मानेकडे वळू. स्केलीन हे श्वासाचेही स्नायू आहेत. श्वास घेताना वरच्या दोन बरगड्या तेच वर उचलतात. त्यातले दोन गेले की त्यांचं काम शेजाऱ्यांवर पडतं. कानामागून छातीकडे तिरका उतरणारा जाड स्नायू, खांद्यावरचा ट्रॅपीझियस, मानेपासून खांद्याच्या फऱ्याला जाणारा लेव्हेटर स्कॅप्युली, हे सगळे ओव्हरटाइम करू लागतात आणि आकसतात. त्यात पेशंट घाबरलेला असतो. टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून तो खांदा कानाकडे ओढून, मान एका बाजूला झुकवून, कोपर पोटाशी धरून वावरतो. पहिले दोन-तीन दिवस हे स्वाभाविक आहे. तीन आठवडे तसंच चाललं तर मेंदूला तीच ठेवण बरोबर वाटू लागते. माझ्या मते पहिल्या महिन्यातल्या आखडलेपणात व्रणाचा वाटा थोडा आणि या सांभाळून वावरण्याचा वाटा मोठा असतो. पेशंट मात्र सगळं खापर व्रणावर फोडतात आणि तो मोडण्याच्या मागे लागतात.

म्हणून पहिल्या पंधरवड्यात करायच्या गोष्टी दिसायला अगदी किरकोळ आहेत. हाताला आधार हवा. एका हाताचं वजन शरीराच्या साधारण ५ टक्के, म्हणजे साठ किलोच्या माणसात तीन किलो असतं आणि ते सगळं मान आणि खांद्याच्या स्नायूंना लटकलेलं असतं. बसताना कोपराखाली उशी किंवा खुर्चीचा हात घ्यावा. झोपताना पाठीवर झोपून हाताखाली उशी ठेवावी, किंवा चांगल्या बाजूच्या कुशीवर झोपून उशी कवटाळावी. श्वास पोटाने घ्यावा. पाठीवर पडून एक हात पोटावर, एक छातीवर ठेवला आणि पोटावरचाच हात वर येतोय असं पाहिलं की वरच्या बरगड्या उचलण्याची गरज कमी होते आणि मानेचे स्नायू आपोआप सैल पडतात. हा व्यायाम म्हाताऱ्यांचा समजून टाळला जातो. मला मात्र पहिल्या महिन्यातला सर्वात मोलाचा व्यायाम हाच वाटतो. आणि सर्जनने परवानगी दिली की मान हळूहळू दोन्हीकडे वळवायची, कान खांद्याकडे न्यायचा, हनुवटी आत घ्यायची. हे सगळं दुखायला लागेल त्याच्या अलीकडे थांबून, थोडं थोडं, दिवसातून पुष्कळदा. एकाच वेळी अर्धा तास जोर लावण्यापेक्षा तासातासाला अर्धा मिनिट मान फिरवणं बरं. मऊ पट्टा बांधून मान स्थिर ठेवावी असं घरच्यांना वाटतं. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर तो कपाटातच राहू द्यावा, कारण न हललेली मान अधिकच आखडते.

व्रण तयार होतो त्याचं वेळापत्रक शरीराने ठरवलेलं आहे. पहिले काही दिवस सूज आणि साफसफाई. मग साधारण तीन आठवडे कोलॅजनचे धागे भराभर, वाटेल त्या दिशेने टाकले जातात. त्यानंतर वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ, त्यांची फेररचना चालते. अडगळीचे धागे काढले जातात, बाकीचे ज्या दिशेने ताण येतो त्या दिशेने लावले जातात. पहिल्या आठवड्याअखेर जखमेची ताकद मूळ त्वचेच्या जेमतेम ३ टक्के असते, तीन आठवड्यांनी २० टक्क्यांच्या आसपास, तीन महिन्यांनी ८० टक्क्यांपर्यंत. शंभरावर ती कधीच जात नाही. या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. पहिल्या तीन आठवड्यांत ओढाताण केली तर जखम उकलू शकते. आणि त्यानंतरच्या महिन्यांत रोज होणारी हालचाल धाग्यांना दिशा देते. पक्का झालेला व्रण हाताने दाबून मोडता येत नाही. मसाज करताना जे ‘सुटल्यासारखं’ वाटतं, त्यात स्नायूंचं सैल होणं आणि मज्जासंस्थेचं शांत होणं जास्त असतं.

मग व्रणाचा मसाज करावा का? करावा, पण तो काय करू शकतो हे ओळखून. त्याबद्दलचे अभ्यास लहान आहेत आणि प्रत्येकाची पद्धत निराळी, त्यामुळे छातीठोकपणे कोणी काही सांगत असेल तर जरा सावध राहावं. कॉलरबोनच्या वरचा छेद घेताना त्वचेखालचा प्लॅटिस्मा नावाचा पातळ स्नायू कापावा लागतो. भरून येताना तो खालच्या पदरांना चिकटला की गिळताना किंवा मान वळवताना व्रण आत ओढला गेल्यासारखा दिसतो. त्वचा आणि तो पदर एकमेकांवरून सरकत राहावेत, एवढाच मसाजचा हेतू. खपली पूर्ण पडलेली, जखम कुठेही ओली नाही आणि सर्जनने हो म्हटलेलं, अशा वेळी, म्हणजे बहुधा तीन आठवड्यांनंतर, सुरुवात करावी. स्वच्छ हात, थोडं खोबरेल तेल किंवा साधं मॉइश्चरायझर. बोटाचं टोक व्रणाशेजारी ठेवायचं आणि बोट त्वचेवरून न घसरवता त्वचाच खालच्या मांसावरून हलवायची. आधी व्रणाच्या दिशेने, मग आडवी, मग गोल. काही दिवसांनी त्वचा चिमटीत हलकेच उचलून पुढे नेता येते. दर खेपेला दोन-चार मिनिटं पुरतात. इथे एक गोष्ट विसरायची नाही: या त्वचेखाली पुढचा स्केलीन राहिलेला नाही, थोड्याच खोलीवर नसा आणि रक्तवाहिन्या आहेत. दाब खोल गेला आणि हातात करंट उतरल्यासारखा झाला तर लगेच थांबायचं. नीलेत गुठळी झाल्यामुळे ऑपरेशन झालं असेल आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मसाज नाही.

व्रण लाल, जाड, उंच होऊ लागला तर सिलिकॉनच्या पट्ट्या किंवा जेल उपयोगी पडतं. पट्टी दिवसाचे बारा तास किंवा जास्त, निदान दोन-तीन महिने लावून ठेवावी लागते, हे ऐकूनच निम्मे लोक कंटाळतात. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत केलॉइडचा, म्हणजे जखमेची हद्द ओलांडून वाढणाऱ्या व्रणाचा, धोका गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त असतो. घरात कुणाला कान टोचल्यावर गाठ झाली असेल तर ते सर्जनला ऑपरेशनच्या आधीच सांगून ठेवावं. उन्हाने व्रण काळा पडतो, म्हणून वर्षभर तो झाकावा किंवा सनस्क्रीन लावावं. व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून चोळण्याचा फायदा दिसलेला नाही, उलट काहींच्या त्वचेवर पुरळ उठतं.

यात एक धोका घरचा आहे. या छेदात त्वचेला संवेदना पुरवणाऱ्या बारीक नसा ताणल्या किंवा कापल्या जातात आणि कॉलरबोनच्या खालचा पट्टा बधिर होतो. मान धरली की आपला पहिला उपाय शेक. गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापवलेलं फडकं, मिठाची पुरचुंडी. बधिर त्वचेला चटका कळत नाही. फोड आल्यावरच समजतं. शेक घ्यायचाच तर मानेच्या मागच्या बाजूला, जिथे स्पर्श नीट कळतो तिथे घ्यावा, आणि आधी तापमान चांगल्या हाताने पारखावं. बधिर भागाला हळूहळू जागं करायचं असेल तर कापूस, मग मऊ सुती कापड, मग टॉवेल असे स्पर्श रोज द्यावेत. सलूनमध्ये दाढीनंतर मान मोडून घेण्याची सवय असेल तर ती सोडून द्यावी. बिनऑपरेशनच्या मानेलाही तो झटका धोक्याचाच असतो.

आता नसांकडे. हात हलतो तेव्हा त्या ताणल्या जाण्यापेक्षा सरकतात जास्त. पायजम्याच्या नेफ्यात नाडी असते तशा त्या भोवतालच्या पदरांत मोकळ्या असतात. नेफा शिवताना एखादा टाका चुकून नाडीतून गेला तर नाडी ओढल्यावर कापड गोळा होतं. व्रण चिकटलेल्या नसेचं तसंच होतं. नाडी सोडवायची म्हणून दोन्ही टोकं हिसकली तर फाटते कापडच. म्हणून फिजिओथेरपिस्ट आधी ‘सरकवण्याचे’ व्यायाम देतात. कोपर सरळ करताना मान त्याच बाजूला झुकवायची, कोपर वाकवताना विरुद्ध बाजूला. एका टोकाला ओढ दिली की दुसऱ्या टोकाला सैल सोडायचं. नस पुढेमागे सरकते, पण तिच्यावर ताण वाढत नाही. कोपर सरळ, मनगट मागे आणि मान विरुद्ध बाजूला असं सगळं एकाच वेळी ताणणारे व्यायाम इंटरनेटवर मुबलक आहेत. ताज्या ऑपरेशननंतर ते टाळावेत, कारण चिडलेली नस रात्रभर त्याची शिक्षा देते. व्यायामानंतरचे झिणझिणे काही मिनिटांत ओसरले तर मात्रा बरोबर आहे असं समजावं. दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिले तर ती निम्मी करावी.

हातातली प्रत्येक कळ म्हणजे व्रणाचा विळखा, असंही समजू नये. इजा झालेले मज्जातंतूंचे धागे पुन्हा वाढताना दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुढे जातात. मानेपासून करंगळीपर्यंतचं अंतर सत्तर सेंटिमीटरच्या आसपास धरलं तर हिशोब दोन वर्षांचा होतो. या वाटेत मुंग्या येणं, बारीक टोचणं, एखाद्या बोटात अचानक करंट येणं चालूच राहतं. खूप काळ दबल्यामुळे तळव्याचे स्नायू वाळले असतील, तर ते पूर्ण भरून येतीलच असं नाही.

मात्र कधी कधी व्रण खरोखरच खलनायक ठरतो. ऑपरेशननंतर काही महिने चांगले जातात आणि मग तीच कळ, त्याच बोटांत, परत येते. बहुतेक वेळा हे पहिल्या दोन वर्षांत होतं. कारणं ओळखीची असतात: नसांभोवती दाट व्रण, बरगडीचा मागे राहिलेला तुकडा, स्नायूचं उरलेलं टोक पुन्हा चिकटणं, किंवा छातीवरच्या पेक्टोरॅलिस मायनर स्नायूखाली असलेला दुसरा दाब, जो पहिल्या वेळी नजरेतून सुटला. बरगडीचा तुकडा एक्स-रेत दिसतो. आतला व्रण एमआरआयमध्येही सहसा स्पष्ट दिसत नाही, म्हणून निदान हाताने तपासून आणि पेशंटची हकीकत ऐकूनच करावं लागतं. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं, कारण सगळी ओळखीची वाट चिकटलेली असते. म्हणून आधी काही महिने फिजिओथेरपी आणि औषधं नेटाने करून बघतात. व्रण कमी व्हावा म्हणून पहिल्याच वेळी सर्जन त्या जागची चरबीची गादी जपून परत नसांवर पसरतात. काही जण नसांभोवती विरघळणारं पातळ आवरणही ठेवतात, पण त्या आवरणाने सगळ्यांचा प्रश्न सुटतो असं म्हणता येत नाही.

काही लक्षणं आखडलेपणात मोजायची नाहीत. अचानक धाप लागणं किंवा छातीत दुखणं, हात सुजून निळसर होणं, हात गार आणि पांढरा पडणं, ताप येऊन जखमेतून पू येणं, हातातली ताकद दिवसेंदिवस कमी होणं, डाव्या बाजूच्या जखमेतून दुधासारखं पाणी येणं. यातलं काहीही दिसलं तर फिजिओथेरपिस्टच्या पुढच्या तारखेची वाट न बघता रुग्णालय गाठायचं. जिना चढताना नवीन धाप लागत असेल तर तेही सांगावं. पुढच्या स्केलीनवरूनच श्वासपटलाकडे जाणारी नस उतरते. ती दुखावली की त्या बाजूचं श्वासपटल सुस्त पडतं. बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं. भिंतीला दोन्ही हात टेकून ढकलताना फरा पंखासारखा बाहेर येत असेल तर मधल्या स्केलीनमधून जाणाऱ्या दुसऱ्या नसेचा तो प्रश्न असतो.

सर्वात शेवटी परत येतं ते डोक्याच्या वर हात नेऊन करायचं काम. अमेरिकेतल्या बेसबॉलचे पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे खेळाडू, हा आजार घेऊन वारंवार ऑपरेशन टेबलावर येतात ते यामुळेच. मेरिल केली यांचं ऑपरेशन २०२० मध्ये झालं आणि २०२३ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे तिथल्या अंतिम मालिकेत, त्यांनी सात डावांत फक्त एक धाव दिली. स्टीफन स्ट्रॅसबर्ग २०१९ च्या वर्ल्ड सिरीजचे सर्वोत्तम खेळाडू होते. २०२१ मधल्या ऑपरेशननंतर ते एकाच सामन्यात गोलंदाजी करू शकले आणि २०२४ मध्ये निवृत्त झाले. ऑपरेशन एकाच आजाराचं असलं तरी नसांची इजा किती जुनी होती, त्यावर पुष्कळ काही ठरतं.

घरात डोक्यावरची कामं वेगळी असतात. माळ्यावरचा डबा, वरच्या दांडीवर वाळत घालायचे कपडे, पंखा पुसणं. खांद्याच्या फऱ्याभोवतीचे स्नायू मजबूत करायचे व्यायाम साधारण दोन महिन्यांनंतर, रबरी पट्टीपासून सुरू होतात आणि ही कामं त्यांच्याही नंतर. खांद्याला अडकवायची पर्स त्या बाजूला नको, पाठीवरच्या सॅकचा पट्टा व्रणावर नको. ऑपरेशनची तारीख ठरली की घरी एक काम आधीच करून ठेवावं: कपडे वाळत घालायची दांडी छातीच्या उंचीवर उतरवून घ्यावी आणि निदान सहा महिने तिथेच राहू द्यावी.